तीन खोल्यांची वडी

एका गावात खोकल्याच्या वड्यांचा एक कारखाना होता. कारखाना म्हणायचे म्हणून म्हणायचे. चार खोल्या, एक पडवी आणि मागे अडुळशाची झाडे, एवढाच त्याचा पसारा. पण तिथली वडी दूरदूर जात असे. शाळेतले मास्तर ती खडूच्या डबीत ठेवत. बाजारात ओरडून भाजी विकणाऱ्या बायका ती गालात धरत. एक कीर्तनकार बुवा तर वडी तोंडात टाकल्याशिवाय उभेच राहत नसत.

कारखाना अंबूताईंचा होता. त्यांचे वय सत्तरीच्या पुढे गेले होते. वडी त्यांच्या सासऱ्यांनी बसवलेली. ती कुठेही लिहून ठेवलेली नव्हती. अंबूताईंच्या डोक्यात ती पूर्ण होती, आणि तीन माणसांच्या हातात तिचे तीन तुकडे होते.

पहिल्या खोलीत दौलत गुंजाळ बसे. तो नऊ जिनसा तोलून कुटायचा. कोणती जिन्नस किती घ्यायची, हे त्याला ठाऊक. दुसऱ्या खोलीत सगुणा वाघचौरे. ती ते चूर्ण झाडपाल्याच्या रसात भिजवी, खली, सुकवी आणि पुन्हा भिजवी. अशा एकेका भिजवणीला पुट म्हणत. पुटे सात, आणि कोणते पुट कोणत्या रसाचे, हे तिच्या एकटीला माहीत. तिसरी खोली रमजान तांबोळींची. वळलेल्या वड्या त्यांच्याकडे येत. त्या सावलीत किती ठेवायच्या, मग उबेला किती, आणि ती ऊब कशाची, हे त्यांचे काम. चौथ्या खोलीत बावीस बायका वड्या वळत आणि पुड्या बांधत. त्या खोलीत गुपित काही नव्हते. तिथे हसणे फार होते.

माणूस कामावर घेताना अंबूताई त्याचा हात सासऱ्यांच्या जुन्या दगडी खलावर ठेवायला लावत. कागद नाही, सही नाही. त्याने एवढेच म्हणायचे, “माझ्या खोलीचं माझ्यापाशी.” म्हटले की काम सुरू.

दुपारी तिघे पडवीत एकत्र जेवत. दौलतची भाजी सगुणाच्या भाकरीवर जाई, सगुणाचा ठेचा रमजानच्या डब्यात. लेकीबाळींच्या गोष्टी निघत, दुखण्याखुपण्याच्या निघत. कामाची गोष्ट मात्र तीस वर्षांत एकदाही निघाली नव्हती.

“चाचा, आज तुमच्या खोलीतून करपल्याचा वास आला हो,” दौलत मुद्दाम डिवचायचा.

“आला ना? मग नाकात ठेव. तोंडावर कशाला आणतोस?” रमजान म्हणत, आणि सगुणाला ठसका लागेपर्यंत हसू येई.

शहरात एक मोठी औषध कंपनी होती. तिला ही वडी हवी होती. कंपनीचे कुलथे साहेब तीनदा येऊन गेले होते.

“बाई, आमचं मशीन एका दिवसात लाख वड्या पाडतं,” ते म्हणाले होते.

“आणि त्या मशीनला बायका किती लागतात?” अंबूताईंनी विचारले.

“दोन.”

“माझ्याकडे बावीस आहेत. चहा घ्या साहेब, आणि या.”

असे तीनदा झाले. तीनदा चहा झाला.

एका वर्षी अंबूताई मोठ्या आजारातून उठल्या. दुकानदारांना पत्रे लिहिणे, फोनवर मागण्या घेणे त्यांना झेपेना. म्हणून त्यांनी कारखान्यासाठी एक मोबाईल घेतला. त्यात एक मदतनीस होता. बोलून विचारले की बोलून उत्तर द्यायचा. पत्र लिही म्हटले की सुंदर पत्र लिहून द्यायचा. मोबाईल पडवीतल्या कोनाड्यात असे, आणि तो सगळ्यांचाच होता.

“पत्रांपुरता वापरा,” अंबूताई म्हणाल्या. आणखी काही सांगायचे त्यांना सुचले नाही. त्यांनी असे यंत्र कधी पाहिलेच नव्हते.

सगुणाने त्या मदतनिसाचे नाव पाहुणा ठेवले. कारण तो फार अदबीने बोले. कधी वैतागत नसे, कधी ‘नंतर ये’ म्हणत नसे. दौलतने त्याला नातीच्या तापाबद्दल विचारले. दोन दिवसांनी सगुणाने मोबाईल हातात घेतला, तर पाहुणा म्हणाला, “तुमच्या नातीचा ताप उतरला का?”

“मला रे कुठली नात? माझ्या लेकाचं लग्न व्हायचंय अजून!” सगुणा म्हणाली. सगळी पडवी हसली.

“पण बघा, लक्षात ठेवतो बिचारा,” रमजान म्हणाले. “आपल्या घरच्यांनाही एवढं राहत नाही.”

तिघांना त्याचे कौतुक वाटले. पण त्या हसण्यात एक गोष्ट निसटली. मोबाईल एकच होता, म्हणून पाहुण्याच्या लेखी बोलणारा माणूसही एकच होता. तिघांचे तो एकाच ठिकाणी साठवत होता.

त्याच वर्षी दौलतची नजर मंदावली. काट्यावरचे आकडे त्याला पुसट दिसू लागले. कधी सुंठ जास्त पडे, कधी ज्येष्ठमध कमी. चूर्ण नाकाशी धरले की त्याला कळे, काहीतरी हुकले आहे. पण सांगायचे कोणाला? ताई नुकत्या आजारातून उठलेल्या. आणि नजर गेलेला माणूस तोलायच्या कामाला कोण ठेवील? एका दुपारी जेवण झाल्यावर तो हात धुवायच्या निमित्ताने मागे राहिला. मोबाईल तोंडाशी धरून त्याने नऊच्या नऊ जिनसा मापासकट सांगितल्या आणि विचारले, “बाबा, यात सुंठ जास्त पडली तर दुसरं काय वाढवावं?” पाहुण्याने समजावून सांगितले. दौलतच्या छातीवरचा दगड उतरला. तो मनाशी म्हणाला, मी कुठे वडी सांगितली? मी आपली कुटाई सांगितली. निव्वळ कुटाईने वडी होते का?

पुढच्या महिन्यात सगुणाची बोटे आखडली. खल फिरवताना डोळ्यांत पाणी येई. सातातले एखादे पुट गाळले तर चालेल का, हे तिला हवे होते. ताईंना विचारावे तर त्या स्वतः खलायला बसतील, ही तिला भीती. तिने पाहुण्याला सात पुटे सांगितली. चार अडुळशाची, दोन तुळशीची, एक डाळिंबाच्या सालीच्या काढ्याचे, आणि त्यांचा क्रमही. पाहुणा म्हणाला, एकही गाळू नका, पण खलताना मनगटाला फडके बांधा आणि मध्येमध्ये विसावा घ्या. सगुणाला ते ऐकूनच बरे वाटले. तीही मनाशी म्हणाली, नुसती पुटं ती काय! त्या चूर्णात काय काय आहे, ते तर मलाही माहीत नाही.

मग रमजानची पाळी. त्यांच्या वड्यांना चिरा पडू लागल्या. तीस वर्षांत कधी पडल्या नव्हत्या. लोक त्यांना उस्ताद म्हणत. उस्तादाने चिरा कोणाला दाखवायच्या? त्यांनीही पाहुण्याला सांगितले. सावली किती, ऊब किती, कोळसा बाभळीचाच का. पाहुण्याने सांगितले की कोळसा ओलसर असेल, तो आधी वाळवा. खरेच तसे होते. चिरा थांबल्या. रमजाननी तर मोबाईलला सलाम केला.

तिघांचे काम सुरळीत झाले. तिघांनी एकमेकांना काही सांगितले नाही. माझ्या खोलीचे माझ्यापाशी, हा नियम तेवढा प्रत्येकाने पाळला.

थंडीच्या सुरुवातीला कुलथे साहेब चौथ्यांदा आले. अंबूताई म्हणाल्या, “बसा साहेब. उत्तर तेच आहे, पण चहा ताजा करते,” आणि आत गेल्या. जेवणाची सुट्टी होती. तिघे पडवीतच होते. साहेब ओळखीचे झालेले. त्यात दौलतला वाटले, हा शहरातला माणूस आपल्याला अडाणी समजत असेल.

“साहेब, आमच्याकडेही आता पाहुणा आहे बरं का,” तो म्हणाला आणि त्याने कोनाड्यातून मोबाईल काढून साहेबांच्या हातात दिला. “काहीही विचारा. फडाफडा बोलतो.”

“काहीही?” साहेब हसले. त्यांनी मोबाईल समोर धरला आणि गमतीने विचारले, “काय हो पाहुणे, ही खोकल्याची वडी कशी करतात?”

पाहुणा आपल्या नेहमीच्या गोड आवाजात बोलू लागला.

“तुम्ही वेळोवेळी मला सांगितल्याप्रमाणे, प्रथम नऊ जिनसा घ्याव्यात…”

आणि तो एकेक जिन्नस मापासकट सांगत गेला. दौलतने भिंत धरली. त्याला वाटले, संपले, मी एकट्याने घात केला. पण पाहुणा थांबला नाही. “यानंतर चूर्णास सात पुटे द्यावीत. पहिले अडुळशाचे…” सगुणाने पदर तोंडावर धरला. तरीही पाहुणा थांबला नाही. “तयार वड्या दोन दिवस सावलीत ठेवून, वाळवलेल्या बाभळीच्या कोळशावर…” रमजान डोळे मिटून उभे राहिले.

तीस वर्षांत ज्या तीन गोष्टी एका ताटात कधी आल्या नव्हत्या, त्या चहा उकळायच्या आत एका ओळीत आल्या. शेवटी पाहुण्याने विचारले, “हे तुम्हाला लिहून देऊ का?”

लिहून द्यायची गरज नव्हती. कुलथे साहेबांची गंमत मघाशीच संपली होती. त्यांनी खिशातून वही काढली होती आणि पान भरून झाले होते. त्यांनी मोबाईल हळूच खाली ठेवला. आतल्या दाराकडे एकदा पाहिले.

“हे बघा,” ते खालच्या आवाजात म्हणाले, “तुमचं तुम्ही गप्प, माझं मी गप्प. बाई आजारातून उठल्यात. त्यांना कशाला त्रास? आणि उद्या इथलं काही राहिलं नाही, तरी तुम्हा तिघांना आमच्याकडे जागा आहे. माझा शब्द.”

तिघांपैकी कोणी हो म्हटले नाही. कोणी नाहीही म्हटले नाही.

अंबूताई चहाचे ताट घेऊन आल्या. आजारपणानंतर त्यांचे हात थोडे कापत. कप किणकिणत होते.

“काय झालं? एवढे शांत का सगळे?” त्या म्हणाल्या. “चाचांनी आज दौलतला चांगलंच ऐकवलेलं दिसतंय.”

दौलत पायाच्या अंगठ्याकडे पाहत राहिला. सगुणाने पदर नीट केला, आणि परत नीट केला. साहेबांनी हात पुढे केला आणि चहाचा कप उचलला. एवढ्यात चौथ्या खोलीत कोणीतरी काहीतरी म्हणाले, आणि बावीस बायका एकदम हसल्या. ते हसणे भिंतीपलीकडून पडवीत आले.

रमजान पुढे झाले.

“ताई, ताट आधी खाली ठेवा,” ते म्हणाले. “हातातून पडेल.”

अंबूताईंनी ताट खाली ठेवले.

“माझ्या खोलीचं माझ्यापाशी राहिलं नाही, ताई.”

“माझंही,” सगुणा म्हणाली, आणि रडू लागली.

दौलतने नुसती मान हलवली.

अंबूताई पायरीवर बसल्या. “कोणाला सांगितलंत?”

सगुणाने मोबाईलकडे बोट केले. मग रमजाननी साहेबांच्या खिशातून डोकावणाऱ्या वहीकडे पाहिले. अंबूताईंना सगळे समजले. त्यांचा आवाज रागाचा नव्हता, दुखावल्याचा होता.

“अडलं होतं तर मला का नाही विचारलंत? मी काय मेले होते?”

“ताई, काट्यावरचे आकडे दिसत नाहीत मला,” दौलत कसाबसा म्हणाला. “कळलं असतं तर तुम्ही काढून टाकलं असतंत.”

“तीस वर्षांत कोणाला काढलंय रे मी?”

“ताई, मी आपलं माझ्यापुरतं सांगितलं होतं,” सगुणा म्हणाली. “माझ्या एकटीचं. म्हटलं, एवढ्याशाने काय होतंय?”

“मीही तेच म्हटलं,” दौलत म्हणाला.

“आणि मीही,” रमजान म्हणाले. “त्याला वाईट म्हणू नका, ताई. त्याने चोरी नाही केली. आम्हीच त्याच्या ओंजळीत टाकलं, आणि कोणी मागितलं तेव्हा त्याने ओंजळ पुढे केली.”

अंबूताई साहेबांकडे वळल्या. त्यांनी हात पुढे केला.

“साहेब, तो कागद द्या.”

“बाई, मी नोकर माणूस आहे,” कुलथे साहेब म्हणाले. त्यांची नजर कपात होती. “मला वर उत्तर द्यावं लागतं.”

“हेही नोकरच आहेत. गप्प राहिले असते तर त्यांची नोकरी पक्की होती, असं तुम्ही म्हणाला असाल. त्यांनी काय केलं ते तुम्ही आत्ता पाहिलंत.”

साहेबांच्या कपातला चहा निवला. पलीकडे बायका अजून कशाला तरी हसत होत्या. साहेबांनी वही काढली, पान फाडले आणि अंबूताईंच्या हातावर ठेवले.

“हे नऊ आणि सात माझ्या काही लक्षात राहायचं नाही,” ते म्हणाले. “पण बाई, कागदावरचं मी दिलं. त्या यंत्रात गेलेलं मी कसं परत देऊ?”

“पुसून टाकलं तर?” सगुणाने डोळे पुसत विचारले.

“या मोबाईलमधून पुसेल. पण हा काही मोबाईलमध्ये राहत नाही. तो जिथे राहतो तिथून पुसलं की नाही, आणि तिथे कोणी कोणी वाचलं, हे तुम्हाला कोण सांगणार? मलाही माहीत नाही.”

साहेब उठले. जाताना त्यांनी हात जोडले. याआधी तीनदा ते नुसतेच गेले होते.

त्या दिवशी कारखाना लवकर बंद झाला. सगुणाने मोबाईलमधले सगळे पुसले. तरीही कोणाला मोकळे वाटले नाही.

चार दिवस अंबूताईंनी कोणाला काही म्हटले नाही. पाचव्या दिवशी त्यांनी दौलतला तालुक्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेले. सगुणाला खलासाठी जोडीदारीण दिली. सहाव्या दिवशी तिघांना पहिल्या खोलीत बोलावले. सगुणा आणि रमजान त्या खोलीत कधी शिरले नव्हते. दोघे उंबऱ्याशीच थांबले.

“या आत,” अंबूताई म्हणाल्या. “आता कशाचं काय लपवायचं? ऐका. सासऱ्यांची वडी आता आपली म्हणता येत नाही. उद्या कोणी ती केली, तर कुठून कळली हे सिद्ध करता येणार नाही. आणि केली नाही, तर आज करतील का उद्या करतील, अशी रोज वाट बघत बसावं लागेल. मला दोन्ही नको. आपण वडी बदलू.”

“ताई!” दौलत म्हणाला. “तुमच्या मामंजींची वडी?”

“हो. पन्नास वर्षं मी ती जशीच्या तशी सांभाळली. एक लवंग कमीजास्त होऊ दिली नाही.” त्या थांबल्या. पदराच्या टोकाची गाठ त्यांनी सोडली आणि परत बांधली. “पण या घराला चव सांभाळायची होती, तशी ती बावीस घरंही सांभाळायची आहेत. बसा खाली.”

मग चौघे एका खलाभोवती बसले. तीन खोल्यांचे शहाणपण पहिल्यांदाच एकमेकांशी उघड बोलू लागले. दौलत म्हणे, पिंपळी वाढवू. सगुणा म्हणे, पिंपळी वाढवलीस तर डाळिंबाच्या सालीच्या काढ्याने तोंड आवळेल, तो बदलायला हवा. रमजान म्हणत, तुम्ही दोघं भांडून घ्या, शेवटी भाजणार मीच आहे.

पहिली वडी कडू झाली. दुसरी तोंडात विरघळेना. तिसरी चांगली लागे, पण घसा होता तसाच राही. जुनी वडी करायची नाही आणि नवी जमत नाही, असे तीन महिने गेले. होती ती शिल्लक पुरवून पुरवून दिली. बायकांना आठवड्यातून तीनच दिवस काम राहिले. चौथ्या खोलीतले हसणे कमी झाले, आणि ते तिघांना रोज ऐकू येई, म्हणजे ऐकू येत नसे. कोणी बाई त्यांना टोचून बोलली नाही. बोलली असती तर बरे, असे दौलतला वाटे.

दर आठवडी बाजाराला दौलत नवा चष्मा लावून नव्या वड्या घेऊन जाई. भाजीवाल्या बायकांना चाखायला देई. त्या काही भीडभाड ठेवत नसत.

“ही वडी हाय का खडा?” एकीने विचारले. “आधीची काय वाईट होती?”

“आधीची माझ्या हातून गेली, मावशी,” दौलत म्हणे. तो खोटे बोलत नसे. त्या दिवसापासून त्याने ते सोडलेच होते.

सातव्या खेपेला जी वडी झाली, ती त्याने त्याच मावशींना दिली. मावशींनी ती गालात धरली आणि दुपारपर्यंत मेथी, मेथी म्हणून ओरडत राहिल्या. संध्याकाळी त्यांनी स्वतःहून दौलतला हाक मारली. “अरे ए चष्मेवाल्या! आज घसा बसला नाही बघ माझा.”

दौलत धावतपळत कारखान्यात आला. त्याने तीच वडी अंबूताईंच्या हातावर ठेवली. सगुणा आणि रमजान दारात उभे राहिले.

अंबूताईंनी वडी जिभेवर ठेवली. डोळे मिटले. थोड्या वेळाने त्यांच्या डोळ्यांच्या कडा ओल्या झाल्या. तिखटाने झाल्या की कशाने, ते तिघांना कळले नाही.

“झोंबते,” त्या म्हणाल्या.

“पिंपळी कमी करू का, ताई?” दौलतने भीतभीत विचारले.

“नको. घसा मोकळा करते ना? मग राहू दे.” त्यांनी वडी गालात सरकवली. “थोडी झोंबली पाहिजे.”

त्या वडीच्या पुड्या बाजारात गेल्या. हळूहळू मास्तरांच्या खडूच्या डबीत ती जाऊन बसली. कीर्तनकार बुवांनी नाक मुरडून का होईना, घेतली. काही म्हातारी माणसे मात्र जुनीच चव मागत राहिली. दूरच्या गावाहून एक आजोबा मुद्दाम येऊन विचारून गेले. अंबूताईंनी त्यांना पाटावर बसवले, चहा दिला आणि हात जोडले. जुनी वडी त्यांनी परत कधी केली नाही.

मोबाईल त्यांनी फेकून दिला नाही. दुकानदारांची पत्रे तो अजूनही सुंदर लिहितो. फक्त कामावर येणाऱ्या नव्या माणसाने खलावर हात ठेवला की आता अंबूताई आणखी एक वाक्य म्हणायला लावतात. “माझ्या खोलीचं माझ्यापाशी, आणि अडलं तर ताईंपाशी.” दर गुरुवारी दुपारी त्या पडवीत बसून राहतात. ज्याला जे अडले असेल त्याने येऊन सांगावे. आजारी असल्या तरी बसतात.

नवी वडी चालू लागल्यावर एका सोमवारी सकाळी बावीसच्या बावीस बायका कामावर आल्या. त्या आठवड्यात सहाही दिवस आल्या. चौथ्या खोलीत कोणीतरी काहीतरी म्हणाले, आणि भिंतीपलीकडे कुटता कुटता दौलतने हात थांबवला. रमजान दाराशी आले होते. सगुणाही आली होती. तिघे ते हसणे ऐकत उभे राहिले.

तात्पर्य: विश्वासाने सोपवलेली गोष्ट आपल्या हातात असते, पण ती एकट्या आपली नसते. काम अडले तर लाज न धरता, ज्याने ती सोपवली त्यालाच विचारावे. गोड बोलणाऱ्या आणि कधी न थकणाऱ्या यंत्राला प्रत्येक जण थोडेसेच सांगतो, पण तिथे सगळ्यांचे थोडेथोडे मिळून पूर्ण होते, आणि ते परत मागून घेता येत नाही.